मोबाईलवर ते नसतात

मोबाईलवर बस्त्यांव मिस्किटा नसतात.
व्हायोलिनं असतात, बासरी असते,
पहिल्या रांगेत कुणी खोकलं तर तेही असतं.
फक्त जिथं ते असायला हवेत
तिथं, अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी
तसा पाय हवेत जातो.

म्हणून ऐरोलीच्या या दीड खोलीत
मी तो जुना लाकडी स्पीकर ठेवून घेतलाय.
नवरा म्हणतो, इथे वॉशिंग मशीन बसलं असतं.
बसलं असतं.

एका कॅसेटवर त्यांचंच अक्षर:
‘रात्रपाळी. मी – ११ सेकंद.’
सिनेमाचं नाव नाही, संगीतकाराचं नाही.
खलनायक जिना चढतो,
त्याच्या बुटांखाली अंकल.
अकरा सेकंद, मग पुन्हा सगळी व्हायोलिनं.
आवडतं कुठलं विचारलं तर मी हेच लावते
कारण लोकांना ते चटकन सापडतं.

खरं आवडतं ते वेगळंच.
रेडिओवरून उतरवलेली सिंफनी,
सुरुवातीला बातम्यांचं शेपूट राहिलेलं.
दोन अख्खे भाग ते नुसते बसून आहेत,
मांडीवर पितळ,
थंड पडू नये म्हणून मधूनच
आत एक कोमट फुंकर सोडत,
ओठ न हलवता मोजत.
तिसऱ्या भागाच्या तोंडाशी
एक श्वास ऐकू येतो.
सूर नव्हे. श्वास.
मी तो इतक्या वेळा मागे नेऊन ऐकलाय
की टेप तिथे झिजलीय.
सूर त्यानंतर येतो, आणि येतो तेव्हा वाटतं
हा आधीपासून इथेच होता,
बाकीचे जरा बाजूला सरकले इतकंच.

चेंदणी कोळीवाड्यात, त्यांच्या पडवीत,
मी अकरावीत शिकायला गेले.
आई म्हणाली, पोरीच्या जातीला हे कसलं भांडं,
पेटी शीक.
अंकल म्हणाले, पेटी समोर ठेवता येते, बाई,
हे अंगावर घ्यावं लागतं.
पहिला महिना नुसती सुरई फुंकली.
गल्लीच्या टोकाला वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर
दिवसरात्र घुमायचा.
ऐक, हा खालचा जी, ते म्हणायचे,
किंचित चढा आहे.
सरकारी आहे, चालायचंच.
आम्ही त्याच्याशी सूर जुळवायचो.
लाइट गेले की शिकवणी बंद.

खाडीकडून वारा आला की
ट्युबाच्या तोंडात सुक्या बोंबलांचा वास साचायचा.
अजून कुठल्याही मोठ्या हॉलमध्ये
ब्रासवाले उभे राहिले
की मला आधी तो वास येतो.

एक कॅसेट मी कुणाला देत नाही.
तीत संगीत असं नाहीच.
सकाळचा रियाज, लांब लांब सूर,
एकेक जणू विहिरीत सोडलेला दोर.
मध्येच आतून रेजिनबाय विचारते,
पापलेटं आलीत, घेऊ का?
सूर थांबतो.
मग दोनदा, अगदी खालून:
भों. भों.
म्हणजे नको.
‘घेते मग,’ रेजिनबाय म्हणते,
आणि दोर पुन्हा विहिरीत.

ते गेल्यावर तिनं ट्युबा
तलावाकाठच्या चर्चमधल्या पोरांना दिला,
कॅसेटी मला.
माझ्या फुप्फुसात आता तेवढा दम नाही,
आणि तिसऱ्या मजल्यावर वाजवणार कुठे?
मी स्पीकरवर तळहात टेकवते.
कानांना कळायच्या आधी हाताला कळतं
की अंकल आलेत.
कपाटातल्या स्टीलच्या वाट्या
आपसांत काहीतरी बोलू लागतात.

काल खालचे कुंभोजकर वर आले, बनियनवर, घाबरलेले:
मॅडम, टाकीचा पंप चालू राहिलाय का हो?
म्हटलं, हो.
अजून थोडं पाणी चढायचंय.